कर्ज आवाजात नसतं, कागदात असतं



आजचा पाठ पुस्तकातला नाही, तरी त्याची परीक्षा कधीतरी होणारच आहे. ती तुमच्या किंवा आईवडिलांच्या फोनवर होईल, आणि बहुधा घरात माणूस एकटं असताना होईल. तेव्हा नेहमीसारखं वही-पेन घेऊन बसा. पाठ संपला की घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आजी-आजोबांना तर नक्कीच.

एक मेसेज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चौथा तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले, तर मोबाईलवर अनोळखी नंबरवरून एक मेसेज आलेला. उघडून पाहिलं आणि धक्काच बसला. आमच्या आठवीतल्या एका मुलीच्या आईचा फोटो, त्यावर लाल अक्षरांत 'चोर' असं लिहिलेलं, आणि खाली मजकूर : ही बाई कर्ज घेऊन पळून गेली आहे. जामीनदार म्हणून तुमचा नंबर दिला आहे. आज चार वाजेपर्यंत पैसे भरले नाहीत तर तुमच्यावर गुन्हा दाखल होईल.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : 'यांनी माझा नंबर का दिला?' मला त्या बाईंचा रागच आला. चांगली दहा मिनिटं मी रागात होते. मग एकदम लक्षात आलं की जामीनदार व्हायला आपली संमती लागते. मी कुठे संमती दिली होती? कुठेच नाही. म्हणजे मी जामीनदार नव्हते. कुणीतरी तसं नुसतं म्हणत होतं, आणि मी ते खरं धरून बसले होते.

हजेरीपट पाहिला. ती मुलगी तीन दिवस शाळेत आलेली नव्हती.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी हडपसरला गाडीतळाजवळ त्यांच्या खोलीवर गेले. ताई घरीच फॉल-पिकोची कामं करतात. मशीन बंद होतं. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवलेला. मला दारात बघून त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हालाही आला का?"

नेमकं काय झालं होतं?

दोन महिन्यांपूर्वी मुलीच्या चष्म्यासाठी पैसे कमी पडले. मोबाईलवर जाहिरात दिसली : पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रांची कटकट नाही. ताईंनी ॲप घेतलं. ॲपने विचारलं, फोनमधली नावं-नंबर बघू का, फोटो बघू का? सगळीकडे 'हो' दाबलं. कर्ज ३,००० रुपयांचं दाखवलं, पण खात्यात आले १,८५० रुपये. बाकीचे 'प्रोसेसिंग फी' म्हणून आधीच कापले. मुदत फक्त सात दिवसांची.

आता जरा गणित करू. मिळाले १,८५०, परत करायचे ३,०००. म्हणजे सात दिवसांचा आकार झाला १,१५० रुपये. १,१५० भागिले १,८५० गुणिले १०० केलं, तर सुमारे ६२ टक्के येतात. हे वर्षाचं व्याज नव्हे बरं का, आठवड्याचं!

तरी ताईंनी सातव्या दिवशी ३,००० रुपये भरले. त्यांना वाटलं, सुटलो. पंधरा दिवसांनी फोन आला. तुमचं पेमेंट सिस्टीममध्ये दिसत नाही, दंडासह ४,५०० बाकी आहे. शिव्या ऐकवेनात म्हणून त्यांनी तेही भरले. मिळालेल्या १,८५० रुपयांवर आता ७,५०० रुपये भरून झाले होते, म्हणजे जवळजवळ चौपट. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्यांच्याजवळ पैसेच नव्हते. मग फोनमधल्या प्रत्येक नंबरवर तो फोटो गेला. दीर, जाऊ, किराणावाले, मुलीची शाळा, कुणीच सुटलं नाही.

मी विचारलं, "ताई, पहिल्यांदा पैसे भरल्याची पावती आहे का?"

त्या म्हणाल्या, "पावती कोण देतंय, मॅडम? फोनवर बोलणं झालं होतं."

आजचा सगळा पाठ या एका वाक्याभोवती आहे.

सुप्याचा बाजार, १८७५

इतिहासाच्या तासाला आपण दख्खनचे दंगे शिकतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. शेतकरी मागत काय होते? सावकाराच्या पेटीतले कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. ते हाती आले की त्यांची होळी करायचे.

असं का? कारण कर्ज त्या कागदात होतं. आणि दुःख हे की तो कागद शेतकऱ्याला वाचता येत नव्हता. अंगठा कशावर उठवला, किती फिटलं, किती राहिलं, हे फक्त सावकाराला ठाऊक. पुढे सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्यात कर्जाच्या दस्तांची नोंदणी आली. भरलेल्या पैशांची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्कही आला.

म्हणजे बघा, पावती मागण्याचा हक्क आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षं जुना आहे. सुप्याच्या शेतकऱ्यासमोर निदान कागद तरी होता. आज फोनवर जो 'वसुली अधिकारी' ओरडतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा तोसुद्धा नसतो. नुसता आवाज असतो. म्हणून वहीत पहिलं वाक्य लिहा : कर्ज आवाजात नसतं, कागदात असतं. पैसे देण्याआधी कागद मागा.

खोट्या वसुलीचे चार प्रकार

१. कर्जच नाही. तुम्ही कधी काही घेतलेलंच नाही. तरी फोन येतो : तुमच्या नावावर २०१९ पासून बाकी आहे, वॉरंट निघालंय.

२. कर्ज होतं, फिटलं. ताईंसारखं. जुन्या यादीतला नंबर काढून पुन्हा पैसे मागतात.

३. कर्ज खरं, वसुली करणारा खोटा. गाडीचा किंवा मोबाईलचा हप्ता खरोखर थकलाय. कुठून तरी माहिती फुटते. भलताच माणूस फोन करून म्हणतो, निम्म्यात सेटलमेंट करून देतो, या क्यूआर कोडवर टाका. पैसे त्याच्या खिशात जातात आणि हप्ता तसाच राहतो.

४. कर्ज दुसऱ्याने घेतलं, नाव तुमचं. आधार, पॅनच्या झेरॉक्स कुठेकुठे दिलेल्या असतात. त्यावर कुणीतरी कर्ज उचलतं. इथे फोन करणारा खरा असू शकतो, पण कर्ज तुमचं नसतं.

पहिले तीन ओळखण्याची आणि चौथ्यातून सुटण्याची किल्ली एकच आहे : कागद.

फोनवर ते काय बोलतात?

शब्द बदलतात, पण चाल तीच असते. आधी घाई : 'अर्ध्या तासात भरा.' मग भीती : 'पोलीस निघालेत.' मग लाज : 'तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो.' आणि शेवटी एकटेपणा : 'फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका.' या चार गोष्टी का? कारण शांतपणे विचार केला, घरात कुणाला विचारलं, एक रात्र मध्ये गेली, की खोटं उघडं पडतं. खरी बाकी उद्याही तेवढीच असते. एखाद दिवसाचं व्याज वाढेल, बस. खोट्याला मात्र उद्या परवडत नाही.

वर्गात आम्ही याचं छोटं नाटुकलं बसवलं होतं. तुम्हीही घरी करून बघा.

फोन करणारा : मॅडम, मी लीगल डिपार्टमेंटमधून बोलतोय. तुमच्या नावावर एफआयआर होतोय.

आई : कोणत्या बँकेचं कर्ज? खाते क्रमांक सांगा.

फोन करणारा : ते सगळं कोर्टात कळेल. आत्ता बारा हजार भरा, केस थांबवतो.

आई : तुमचं नाव, कंपनीचं नाव आणि पत्ता सांगा, लिहून घेते. कर्जाचा करार आणि हिशेबाचा उतारा पाठवा. तो बघून मी बँकेशी स्वतः बोलेन.

फोन करणारा : तुम्हाला कळत नाही का? पोलीस दारात येतील!

आई : येऊ देत. त्यांनाही कागदच विचारेन. ठेवते.

'ठेवते' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे समोरचा बोलत असताना फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं. अशा वेळी तो उद्धटपणा नाही. वाद घालू नका, शिव्यांना शिव्या देऊ नका, आपली माहिती देऊ नका. 'आधारचे शेवटचे चार आकडे बरोबर आहेत ना?' असं विचारलं तरी हो-नाही करू नका. त्याच्याकडे तुमचा पत्ता किंवा पॅन नंबर असला, म्हणून तो बँकेचा ठरत नाही. ही माहिती आजकाल बाजारात फिरते.

खरा वसुली एजंट कसा वागतो?

बँका आणि नोंदणीकृत वित्त कंपन्या वसुलीसाठी एजंट नेमतात, हे खरं आहे. पण त्यांना नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास, मोबाईलवर किंवा समाजमाध्यमांवर घाणेरडे मेसेज, निनावी फोन यांना सक्त मनाई आहे. एजंटने असं काही केलं तर जबाबदारी त्याला नेमणाऱ्या बँकेची किंवा कंपनीची असते.

मोबाईल ॲपवरून मिळणाऱ्या कर्जालाही नियम आहेत. ते सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि मे २०२५ मध्ये नव्याने एकत्र केले गेले. त्यातले चार मुद्दे लिहून घ्या :

• कर्ज देणारी बँक किंवा वित्त कंपनी कोण, हे आधी कळलं पाहिजे. व्याज आणि सगळे आकार सांगणारं पत्रक हातात मिळालं पाहिजे.

• हप्ता थेट त्या बँकेच्या किंवा कंपनीच्या खात्यात जातो. कुणा माणसाच्या यूपीआयवर नाही.

• ॲपला तुमच्या फोनमधली नावं-नंबर, फोटो आणि कॉलची यादी बघायला परवानगी नाही.

• वसुलीसाठी एजंट नेमला तर तो संपर्क करण्याआधी त्याची माहिती एसएमएस किंवा ईमेलने तुम्हाला कळवायला हवी.

कर्ज देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांशी जोडलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ॲप घेण्याआधी ती बघा. शिवाय साठ दिवसांच्या आत सगळं परत मागणारी कर्जाची ॲप गुगलच्या प्ले स्टोअरवर ठेवायलाच परवानगी नाही. सात दिवसांचं कर्ज देणारं ॲप दिसलं, की तिथेच थांबायचं.

आता ताईंचं प्रकरण या नियमांशी ताडून बघा. सात दिवसांची मुदत, फोनमधले नंबर घेतले, पावती नाही, पैसे वेगवेगळ्या यूपीआयवर मागितले, रात्री साडेनऊला फोन केले. एकही नियम पाळलेला नव्हता.

पोलीस खरंच येतात का?

हप्ता थकला म्हणून कुणी अटक करत नाही. कर्ज न फिटणं ही दिवाणी बाब आहे. बँक नोटीस देते, दावा लावते, लोकअदालतीत तडजोड होते. लोकअदालत म्हणजे दोघांच्या संमतीने वाद मिटवण्याची जागा. तिथे अटक होत नाही. म्हणून 'लोकअदालतची नोटीस' म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला कागद बघून घाबरू नका, आणि फेकूनही देऊ नका. त्यावरचं न्यायालयाचं नाव आणि प्रकरण क्रमांक घेऊन शिवाजीनगरच्या न्यायालयात चौकशी करा.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. दिलेला चेक वटला नाही तर कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. खोटी कागदपत्रं देऊन कर्ज घेतलं तर तो गुन्हाच आहे. पण या दोन्हींतही पोलीस फोनवर पैसे घेऊन केस 'थांबवत' नाहीत. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

उलट असा फोन करणाराच गुन्हेगार असतो. भारतीय न्याय संहितेत भीती घालून पैसे उकळण्याला कलम ३०८ आहे, धमकीला ३५१ आणि सरकारी अधिकाऱ्याचं सोंग घेण्याला २०४. फोन किंवा संगणक वापरून दुसरीच व्यक्ती असल्याचं भासवून फसवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड लागतं.

आणि हे गुन्हेगार सापडतातही. २०२२ मध्ये पुणे पोलिसांच्या सायबर विभागाने कर्ज-ॲपच्या नावाने लोकांना छळणाऱ्या टोळीतल्या अनेकांना महाराष्ट्र आणि कर्नाटकातून पकडलं होतं. त्यासाठी कुणीतरी आधी तक्रार दिली होती, हे विसरू नका.

असा फोन आला तर काय करायचं?

१. नाव-गाव विचारा, लिहून घ्या, फोन ठेवा. तारीख, वेळ, नंबर वहीत टिपा. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा. रागाने काही पुसून टाकू नका, तो पुरावा आहे.

२. आपण स्वतः बँकेला फोन करा. फोनवाल्याने दिलेल्या नंबरवर नाही आणि गुगलवर सापडलेल्या पहिल्या नंबरवरही नाही. पासबुकावर, कार्डामागे किंवा कर्जाच्या करारावर जो नंबर आहे त्यावर. शाखा जवळ असेल तर सरळ जाऊन विचारा.

३. आपला क्रेडिट रिपोर्ट काढा. तुमच्या नावावर कोणती कर्जं आहेत, हे त्यात दिसतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. अनोळखी कर्ज दिसलं तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत ती मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

४. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पहिले काही तास फार मोलाचे असतात, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. पुण्यात शिवाजीनगरला सायबर पोलीस ठाणंही आहे.

५. पैसे गेले नसतील तरी कळवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे संशयास्पद फोन आणि मेसेज कळवता येतात. बेकायदा कर्ज-ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर होते. खऱ्या बँकेचा एजंट त्रास देत असेल तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

६. ॲपच्या परवानग्या काढा, मग ॲप काढा. सेटिंगमध्ये जाऊन नंबर, फोटो, लोकेशन बंद करा. आधी कर्जाच्या पानाचे आणि भरलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट मात्र घ्या.

आणि कर्ज खरं असेल, हप्ता खरंच थकला असेल तर? तर तोंड लपवू नका. शाखेत जा, अडचण सांगा, हप्ते कमी करून मागा, ठरेल ते लेखी घ्या. पैसे भरले की पावती, आणि पूर्ण फिटलं की 'नो ड्यूज' दाखला घेतल्याशिवाय उठू नका. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यांचा मदत क्रमांक १५१०० आहे.

मेसेज दुसऱ्याविषयी आला तर?

हा भाग मी स्वतःसाठी लिहिते आहे असं समजा.

त्या फोटोची ताकद फोटोत नव्हती. ती माझ्यासारख्यांच्या त्या दहा मिनिटांच्या रागात होती. टोळीला ताईंच्या नातेवाइकांकडून पैसे मिळतीलच अशी आशा नसते. नातेवाईक ताईंना फोन करून 'काय हे!' म्हणतील, एवढंच त्यांना पुरतं. वसुलीचं अर्धं काम आपण फुकटात करून देतो. ताईंच्या जावेने तो फोटो घरच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. वाईट हेतूने नाही, 'हे काय आहे बघा' म्हणून. पण ताईंनी फोन तांदळात ठेवला, तो त्यानंतर.

म्हणून असा मेसेज आला तर तीन गोष्टी करा. पुढे पाठवू नका, कौतुकाने नाही की रागाने नाही. स्क्रीनशॉट घेऊन तो नंबर ब्लॉक करा आणि कळवा. आणि ज्यांच्याविषयी मेसेज आहे त्यांना त्याच दिवशी फोन करून एवढंच म्हणा : "मला असा मेसेज आलाय. तो खोटा आहे हे मला माहीत आहे. तक्रार द्यायला मी येऊ का सोबत?"

या लाजेपायी माणसं टोकाला गेली आहेत, म्हणून हे फार गंभीरपणे सांगते. घरात कुणी गप्प-गप्प झालं असेल, फोन वाजला की दचकत असेल, तर विचारा. मनावर फार ताण आला असेल तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

फोनच्या पलीकडे कोण असतं?

शेवटचा मुद्दा दहावी-बारावीच्या मुलांसाठी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरवर छापे घातले. तिथे बसलेली तरुण मुलं अमेरिकेत फोन करून आपण तिथल्या करखात्याचे अधिकारी आहोत असं सांगायची. तुमचा कर बाकी आहे, आत्ता भरला नाही तर अटक होईल, अशी धमकी द्यायची आणि गिफ्ट कार्डांतून पैसे उकळायची. सातशेहून जास्त जणांना चौकशीसाठी ताब्यात घेतलं, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. म्हणजे समुद्रापलीकडच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला जो 'वॉशिंग्टनचा साहेब' वाटत होता, तो आपल्याच राज्यातला विशीतला पोरगा होता. मे २०२५ मध्ये आपल्या खराडीतही अमेरिकेतल्या लोकांना फसवणाऱ्या एका बनावट कॉल सेंटरवर पुणे पोलिसांनी छापा घातला.

यातून दोन धडे घ्या. एक, आवाज कितीही मोठ्या साहेबाचा वाटला तरी तो फक्त आवाज आहे. दुसरा, उद्या तुम्हाला नोकरी हवी असेल आणि कुणी म्हणालं, 'रात्रपाळी आहे, इंग्रजी चांगलं आहे ना, कागदावरचं वाचून दाखवायचं', तर आधी विचारा की त्या कागदावर लिहिलंय काय. त्यावर खोटं नाव आणि खोटी धमकी असेल, तर पगार कितीही असो, उठून या.

ताईंचं पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार, बँकेचा उतारा, सगळं एका फाइलमध्ये लावून नेलं. पैसे गेल्याला बरेच दिवस झाले होते, त्यामुळे ते काही परत मिळाले नाहीत. हे लपवत नाही. पण ताईंनी त्यानंतर एक रुपयाही दिला नाही. आपल्या सगळ्या ओळखीच्यांना त्यांनी स्वतःच मेसेज केला : माझा फोटो वापरून फसवणूक चालू आहे, तक्रार दिली आहे, कुणी पैसे भरू नका. ज्या क्षणी त्यांनी स्वतः सांगितलं, त्या क्षणी त्या फोटोत काही राहिलंच नाही. फोन तीन आठवडे येत राहिले, मग थांबले. मुलगी सोमवारी शाळेत आली.

परवा पालकसभेला ताई भेटल्या. हातात एक जुनी शंभर पानी वही होती. म्हणाल्या, "मॅडम, आता भिशीचे पैसे दिले तरी समोरच्याची सही घेते." बायका हसतात म्हणे त्यांना. हसू देत.

स्वाध्याय

प्र. १. एका ॲपने ५,००० रुपयांचं कर्ज दाखवून ३,२०० रुपये खात्यात टाकले आणि १० दिवसांत ५,००० मागितले. दहा दिवसांचा आकार शेकडा किती झाला?

प्र. २. 'खरी बाकी उद्याही तेवढीच असते, खोट्याला उद्या परवडत नाही.' हे विधान तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

प्र. ३. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कर्जरोखे का जाळले? आज आपण तोच कागद जपून का ठेवायचा? पाच-सहा ओळींत लिहा.

उपक्रम : घरातल्या मोठ्यांसोबत बसून एका कागदावर लिहा : आपल्या घरावर कोणकोणती कर्जं आहेत, कुणाची आहेत, किती हप्ते राहिले आहेत, आणि बँकेचा खरा फोन नंबर काय. खाली मोठ्या अक्षरात १९३० लिहा. हा कागद फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याशेजारी चिकटवा. पुढच्या वेळी फोन वाजला की आधी त्या कागदाकडे बघा.